वसतिगृहात पहिल्यांदा राहायला जाणाऱ्या मुलांच्या सामानात काय असावे?

मूळ लेखन

माझी मुलगी १८ वर्षांची आहे आणि पाच आठवड्यांनी ती विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला जाणार आहे. आजवर सहलीला किंवा शिबिराला म्हणून ती चार-पाच दिवस घराबाहेर राहिली आहे, त्याहून जास्त कधीच नाही. वसतिगृह घरापासून पूर्ण एका दिवसाच्या प्रवासावर आहे, त्यामुळे एखादी वस्तू राहिली तर संध्याकाळी जाऊन देऊन येण्याची सोय नाही. खोली दोघींत मिळून आहे. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर मजल्यावरच्या सगळ्या मुलींचे सामाईक आहे. वसतिगृहाच्या पत्रकात पलंग, गादी, टेबल, खुर्ची आणि एक कपाट मिळेल एवढेच लिहिले आहे.

गेल्या पंधरवड्यात मी यादी करायला घेतली आणि ती १४० वस्तूंवर गेली. मुलीने ती शांतपणे वाचली आणि "आई, यातले निम्मे सामान मला इथे घरीसुद्धा लागत नाही," असे म्हणून परत दिली. तिचे म्हणणे मला पटते, पण यादीतून काय काढावे हे ठरवायला बसले की प्रत्येक वस्तूपाशी "आणि नेमकी हीच लागली तर?" या विचाराने हात थांबतो.

ज्यांनी मुलांना पाठवले आहे किंवा जे स्वतः वसतिगृहात राहिले आहेत त्यांना माझे तीन प्रश्न आहेत. काय नेले नाही म्हणून पहिल्या महिन्यात खरोखर अडले? काय नेले आणि तसेच परत आणावे लागले? आणि सहसा कोणाच्याच यादीत नसते, पण असायला हवे, असे काय आहे?

प्रतिसाद : दोन मुलांची आई

ताई, थोरल्याला सोडायला गेलो तेव्हा आमच्या गाडीत ११ खोकी होती. खोलीतले कपाट आमच्या घरातल्या कपाटाच्या निम्म्याहून लहान निघाले आणि चार खोकी त्याच गाडीतून परत आली. राहिलेल्यांपैकी दोन पलंगाखाली वर्षभर न उघडता पडून राहिली. धाकटीच्या वेळी दोन बॅगा आणि एक पाठीवरची पिशवी एवढेच नेले आणि तिचे काही अडले नाही. या दोन अनुभवांतून मी शिकले ते हे, की सामानाचे प्रकार पाडण्याऐवजी त्याचे काळानुसार भाग पाडावेत. पहिल्या रात्री काय लागेल, पहिल्या पंधरा दिवसांत काय लागेल आणि त्यानंतर केव्हातरी काय लागेल, असे तीन ढीग जमिनीवर करा. तिसरा ढीग घरीच ठेवायचा. त्यातले जे खरोखर लागेल ते पोरगी स्वतः मागेल, किंवा पहिल्या सुट्टीला आली की घेऊन जाईल.

पहिल्या रात्रीची पिशवी मात्र अगदी मन लावून भरा. प्रवेशाच्या दिवशी कागदपत्रांच्या रांगा, किल्लीची रांग, जिने चढणे-उतरणे आणि आईवडिलांचा निरोप यांत संध्याकाळ कधी होते ते कळत नाही, आणि रात्री नऊ वाजता मोठी बॅग उपसून तळाशी गेलेली चादर शोधण्याचे त्राण कोणातच उरत नाही. म्हणून एका वेगळ्या पिशवीत चादर, उशीचा अभ्रा, पांघरूण, टॉवेल, रात्रीचे आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे, साबण, दात घासण्याचे साहित्य, चप्पल, पाण्याची बाटली, फोनचा चार्जर, कपाटाचे कुलूप आणि रोजची औषधे ठेवावीत. सामान नंतर पाठवायचे असेल किंवा वाटेत एखादी बॅग अडकून पडली, तरी ही पिशवी हातात असली की पहिले दोन दिवस निभावतात.

चादरींबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. एकेरी गादी म्हणून आपण जी समजतो तिची लांबी सगळीकडे सारखी नसते. कुठे ती १९० सेंमी असते, कुठे २०० आणि कुठे २०३. कडेला इलॅस्टिक असलेली चादर १३ सेंमी कमी पडली तर रोज रात्री कोपऱ्यातून निसटते. पत्रकात माप नसेल तर फोन करून विचारा, किंवा सरळ साधी, खोचायची, मोठी चादर घ्या. चादरींचे दोन जोड पुरतात, म्हणजे एक धुवायला गेला की दुसरा अंगाखाली राहतो. आणि गादीवर घालायला पाणी न झिरपणारे आवरण नक्की घ्या. त्या गादीवर आधी किती जण झोपले असतील हे आपल्याला माहीत नसते.

प्रतिसाद : माजी वसतिगृह अधीक्षक

मी १२ वर्षे वसतिगृहाचे काम पाहिले आहे, त्यामुळे खोली ताब्यात घेण्याच्या दिवसाविषयी थोडे लिहितो. सामान आत नेण्याआधी रिकाम्या खोलीची छायाचित्रे घ्यावीत. भिंतीवरचे डाग, टेबलाच्या फळीवरचे ओरखडे, खिडकीची कडी, कपाटाची बिजागरी, गादीच्या दोन्ही बाजू हे सगळे तारखेसह टिपून त्याच दिवशी कार्यालयाला ईमेलने पाठवावे. वर्षाच्या शेवटी अनामत रकमेवरून जे वाद होतात त्यांतले बहुतेक "हे आधीपासूनच असे होते" या एकाच वाक्याभोवती फिरतात आणि ते वाक्य सिद्ध करायला विद्यार्थ्याजवळ काहीच नसते. खोलीतल्या वस्तूंच्या यादीवर सही करण्यापूर्वी मुलांनी ती वाचावी, हे घरूनच बजावून पाठवा. मागे रांग उभी असली की मुले संकोचाने न वाचता सही करतात.

बॅगा पलंगावर टेकवण्याआधी गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे टॉर्चच्या उजेडात पाहावेत. शिवणीच्या कडेने काळपट बारीक ठिपके दिसले तर ते ढेकणांचे असू शकतात. असे दिसल्यास सामान उघडू नये, तसेच खाली येऊन गादी किंवा खोली बदलून मागावी. यात लाजण्यासारखे काही नाही आणि अस्वच्छतेचा आरोप कोणावरही होत नाही. जिथे माणसे सतत बदलतात तिथे ढेकूण सामानाबरोबर येतात. कपड्यांना लागण झालीच, तर ६० अंश सेल्सिअस तापमानाला धुणे हा त्यावर खात्रीचा उपाय आहे.

नियमांत बसत नाही म्हणून दरवर्षी ज्या वस्तू आम्हाला काढून घ्याव्या लागत त्या साधारण ठरलेल्या असत. पाणी तापवायची कॉइल, छोटी शेगडी, खोली गरम करायचा हीटर, मेणबत्त्या आणि अगरबत्त्या. आईवडील त्या प्रेमाने देतात, पण लहान खोलीत पडदा, अंथरूण आणि कागद एकमेकांना चिकटून असतात आणि आग एका खोलीची राहत नाही. भिंतीला खिळे मारण्याची परवानगीही बहुतेक ठिकाणी नसते. त्याऐवजी काढल्यावर रंग न उपटणाऱ्या चिकटपट्ट्या आणि दारावर अडकवायचे हुक न्यावेत. कुलूप आकड्यांचे असेल तर किल्ली हरवण्याचा प्रश्न मिटतो. किल्लीचे असेल तर जादा किल्ली त्याच खोलीच्या खणात ठेवण्यात काही अर्थ नसतो. ती रोजच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवावी.

आणखी एक गोष्ट. भरलेली बॅग मुलांनी स्वतः उचलून दोन जिने चढवून पाहावी. तेवढे जमले नाही तर बॅग जड आहे. उतरताना आपण बरोबर नसणार.

प्रतिसाद : विद्युत अभियंता

वर आगीचा उल्लेख आला म्हणून एक्स्टेंशन बोर्डाविषयी लिहितो, कारण ही वस्तू प्रत्येक यादीत असते आणि ती कशी निवडावी हे क्वचितच सांगितले जाते. खोलीत दोघांना मिळून बहुधा दोन-तीनच सॉकेट असतात, तीही पलंगापासून दूर, त्यामुळे बोर्ड लागतोच. त्यावर अँपिअरचा आकडा छापलेला असतो. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट, एवढे एक सूत्र मुलांना माहीत असावे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ६ अँपिअरचा बोर्ड १३८० वॉटपर्यंत आणि १० अँपिअरचा २३०० वॉटपर्यंतच भार घेऊ शकतो. लॅपटॉपचा चार्जर ४५ ते १०० वॉटचा, फोनचा त्याहून बराच लहान आणि एलईडी दिवा १० वॉटच्या आसपास, म्हणजे अभ्यासाच्या टेबलावरचे सगळे मिळून २०० वॉटही होत नाहीत. उलट पाण्याची विजेवर चालणारी किटली एकटीच १५०० ते ३००० वॉट घेते आणि केस वाळवायचे यंत्र १२०० ते २००० वॉट. या दोन वस्तू बोर्डावर कधीही लावू नयेत. नियमांत बसत असतील तर भिंतीच्या सॉकेटमध्ये, एका वेळी एकच.

एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नये, कारण दुसऱ्यावरचा सगळा भार पहिल्याच्या वायरीतून जातो. बोर्डाची जादा वायर गुंडाळी करून गादीखाली सारू नये. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. फोन उशीखाली ठेवून चार्ज करण्याची सवय आधी घरी मोडावी. खोलीतल्या दुसऱ्या मुलीशी बोलून एकीने बोर्ड आणि दुसरीने टेबलाचा दिवा आणला तरी चालत नाही का, असे काही जण विचारतील. माझे मत असे आहे की बोर्ड आणि दिवा प्रत्येकीचा स्वतःचा असावा आणि बाकी बरेच काही वाटून घेता येते.

प्रतिसाद : तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

ताई, मी दोन वर्षे सामाईक खोलीत राहिले आहे, म्हणून राहणाऱ्याच्या बाजूने सांगते. मला पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त अडले ते झोपेमुळे. माझ्या खोलीतली मैत्रीण रात्री दोनपर्यंत वाचायची आणि माझे वर्ग सकाळी आठला सुरू व्हायचे. दोघींचेही काही चुकत नव्हते. कानात घालायचे मऊ बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी या दोन वस्तूंनी आमचे नाते टिकवले, असे मी मनापासून म्हणेन. त्या कोणाच्याही घरच्या यादीत नव्हत्या, कारण घरी त्यांची कधी गरजच पडली नव्हती. तसाच क्लिपने अडकवायचा लहान दिवा असावा, म्हणजे एकीला वाचायचे असेल तर दुसरीच्या तोंडावर उजेड पडत नाही.

न्हाणीघर सामाईक असेल तर तळाला भोके असलेली प्लॅस्टिकची टोपली न्यावी. साबण, शाम्पू, कंगवा सगळे त्यात भरून नेता येते, परत आणता येते आणि पाणी निथळून जाते. न्हाणीघरासाठी रबरी चप्पल वेगळी ठेवावी. ओल्या सामाईक फरशीवरून पायांना बुरशीचा संसर्ग सहज होतो. टॉवेल जाड आणि मोठा असण्यापेक्षा पातळ आणि लवकर वाळणारा असावा. जाड टॉवेल कपाटाच्या दाराला टांगून वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याला वास येऊ लागतो.

कपड्यांच्या बाबतीत, धुण्याचा दिवस आठवड्यातून एकदाच येतो असे धरून दहा दिवसांचे आतले कपडे आणि मोजे, आणि पाच-सहा दिवसांचे वरचे कपडे पुरेसे होतात. एक चांगला पोशाख हवा, कारण सादरीकरण किंवा समारंभ कधीतरी येतोच. एकच ऋतू डोळ्यांसमोर ठेवून भरावे. थंडीचे कपडे थंडी येण्याआधीच्या सुट्टीत नेता येतात. मळक्या कपड्यांसाठी पाठीला लावता येईल अशी मोठी पिशवी, मोज्यांसाठी जाळीची लहान पिशवी, थोडे चिमटे आणि खोलीत बांधायला दोरी एवढे असले की धुण्याचे काम सुसह्य होते. पण या वस्तूंपेक्षा महत्त्वाचे म्हणजे जाण्याआधीचे चार आठवडे तिला घरचे स्वतःचे कपडे स्वतः धुऊ द्या. मी पहिल्याच आठवड्यात लाल ओढणी पांढऱ्या कपड्यांबरोबर यंत्रात टाकली आणि सहा कपडे गुलाबी झाले. ते कपड्यांचे दुःख नव्हते. ज्यांना नीट ओळखतही नव्हते अशा मुलींसमोर ते बाहेर काढताना मला रडू आले होते.

भांडी फार नेऊ नयेत. एक ताट, एक वाटी, एक कप, एक चमचा, एक सुरी आणि झाकण असलेले एक लहान भांडे, सगळ्यांवर नावाची खूण केलेली. सामाईक स्वयंपाकघरात दुसरा संच असला की पहिला न धुता पडून राहतो आणि मग त्यावरून मजल्यावर अबोला सुरू होतो. इस्त्री, झाडू, कचऱ्याची टोपली या वस्तू दोघींत मिळून एकच पुरतात. खोलीतल्या मुलीचा संपर्क आधी मिळत असेल तर या वाटणीवर पहिला संवाद सुरू करता येतो आणि अनोळखीपणाही कमी होतो. प्रिंटर मी नेला होता. वर्षभरात त्यावर १० पानेही छापली नाहीत, कारण ग्रंथालयात ती सोय होती.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही दोघींनी मिळून जमिनीवर तीन ढीग केले आणि तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला. झोपेचा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता. मुलीला धुळीची ॲलर्जी आहे आणि महिन्या-दोन महिन्यांनी अर्धशिशीचा त्रास होतो, त्यामुळे औषधांच्या पेटीविषयी कोणी जाणकाराने सांगितले तर बरे होईल. घरी औषध मीच काढून देते. तिला बहुतेक औषधांची नावेही ठाऊक नाहीत, हे लिहितानाच मला जाणवते आहे.

प्रतिसाद : डॉक्टर

ताई, शेवटच्या वाक्यात तुम्ही नेमके दुखणे पकडले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पुढच्या पाच आठवड्यांत प्रत्येक औषध तिने स्वतः काढावे, त्यावरचे नाव वाचावे, मात्रा सांगावी आणि मगच घ्यावे. औषधाचे व्यापारी नाव गावोगावी बदलते, म्हणून आतल्या मूळ घटकाचे नाव तिला माहीत असले पाहिजे. एका कागदावर ॲलर्जी कशाची आहे, नेहमीची औषधे कोणती, आधीचे आजार आणि शस्त्रक्रिया, रक्तगट, लसींच्या तारखा आणि संपर्काचे दोन क्रमांक लिहून त्याचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे. फोनच्या कुलूपबंद पडद्यावरून दिसणारी तातडीची वैद्यकीय माहिती भरून ठेवण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. ती पाच मिनिटांत भरून होते.

पेटीत थर्मामीटर, जखमेच्या पट्ट्या, जंतुनाशक, पॅरासिटामॉल, तिची ॲलर्जीची आणि अर्धशिशीची औषधे, ओआरएसची पाकिटे आणि पाळीचे साहित्य एवढे पुरते. औषधे मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीच्या प्रतीसह ठेवावीत. सुट्या गोळ्या डबीत भरून देऊ नयेत, कारण दोन महिन्यांनी ती कोणती गोळी हे कोणालाच सांगता येत नाही. प्रतिजैविके मात्र "लागली तर असू द्यावीत" म्हणून मुळीच देऊ नयेत.

पॅरासिटामॉल घराघरांत असल्यामुळे निरुपद्रवी समजले जाते. प्रौढाने ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या घ्याव्यात, पुन्हा घ्यायची तर किमान ४ ते ६ तास थांबावे आणि २४ तासांत कोणत्याही परिस्थितीत ४ ग्रॅमच्या, म्हणजे ८ गोळ्यांच्या वर जाऊ नये; वजन फार कमी असेल तर मर्यादा याहूनही कमी असते. धोका असा की सर्दी-तापाच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते आणि दोन्ही एकदम घेतली की नकळत मात्रा ओलांडली जाते. त्याचा घाव यकृतावर बसतो आणि पहिल्या दिवशी फारशी लक्षणेही दिसत नाहीत. ओआरएसच्या बाबतीत पाकिटावर लिहिले आहे तेवढेच पाणी घ्यावे. काही पाकिटे १ लीटरची असतात, काही २०० मिलिलीटरची. लीटरचे पाकीट एका पेल्यात कालवले तर क्षारांचे प्रमाण घातक ठरू शकते.

लसींकडे बहुतेक पालकांचे लक्ष नसते. एकाच इमारतीत दाटीने राहणाऱ्या, विशेषतः पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मेनिंगोकॉकल जिवाणूमुळे होणाऱ्या मेंदुज्वराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तो जवळच्या सहवासात, श्वासातून आणि लाळेतून पसरतो. त्याच्या प्रमुख गटांविरुद्ध लस उपलब्ध आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीचे दोन डोस पूर्ण झाले आहेत का, हेही जुन्या कार्डावर पाहून घ्या. लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे तुमच्या हाती अजून वेळ आहे. आणि हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा: जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठणे, उजेड सहन न होणे, किंवा काचेचा पेला दाबून धरला तरी न फिकुटणारे पुरळ, यांपैकी काही दिसले तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालयात जायचे आणि बरोबर कोणाला तरी न्यायचे. तिला अर्धशिशी असल्याने "नेहमीचेच डोके दुखते आहे" असे वाटून ती थांबण्याची शक्यता आहे, म्हणून हे अधिक काळजीने सांगते.

धुळीच्या ॲलर्जीसाठी वर सुचवलेले गादीचे आवरण चेन असलेले आणि सर्व बाजूंनी बंद होणारे घ्यावे. उशी घरूनच न्यावी. जागा खाते हे खरे, पण ॲलर्जी असलेल्या मुलीसाठी ती जागा देण्यासारखी आहे.

प्रतिसाद : एका मुलाचे वडील

कागदपत्रांचा विषय अजून आला नाही. प्रवेशाचे पत्र, वसतिगृहाचे पत्र, ओळखपत्र, गुणपत्रिका, शुल्काच्या पावत्या, बँकेची कागदपत्रे आणि पासपोर्ट आकाराची निदान डझनभर छायाचित्रे एका पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवावीत. मूळ कागद एकदा दाखवून झाले की शक्य असल्यास आमच्याबरोबर परत पाठव, असे मी मुलाला सांगितले होते. प्रती त्याच्याकडे आणि स्कॅन दोघांकडे. मूल १८ वर्षांचे पूर्ण झालेले नसेल तर पालकांच्या सहीचे संमतीपत्र कशाकशासाठी लागेल हे आधीच विचारून घ्यावे.

फोन हरवला किंवा बिघडला तर आज सगळेच अडते, कारण ईमेलपासून बँकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी खात्रीचा संकेतांक फोनवरच येतो. आमच्या मुलाचा फोन तिसऱ्या आठवड्यात पाण्यात पडला आणि विद्यापीठाच्या खात्यात त्याला चार दिवस जाता आले नाही. बहुतेक सेवा अशा वेळेसाठी काही पर्यायी संकेतांक आधीच देऊन ठेवतात. ते कागदावर छापून फोल्डरमध्ये ठेवावेत. दोन-तीन महत्त्वाचे फोन क्रमांक त्याच कागदावर हाताने लिहावेत, कारण आता आपले क्रमांकही मुलांना पाठ नसतात.

मात्र सामान घरीच ठेवावे आणि लागेल तेव्हा तिथे घ्यावे, या मताशी मी पूर्ण सहमत नाही. खर्चाचा भाग आहेच, पण पहिल्या आठवड्यात नव्या जागी दुकान शोधणे, तिथे एकट्याने जाणे आणि काय घ्यावे ते ठरवणे यांचा लाजऱ्या मुलांवर ताण येतो. आमचा मुलगा तसा आहे. हँगर नव्हते, तर दोन आठवडे कपडे बॅगेतच राहिले, पण तो कोणाला विचारायला गेला नाही. म्हणून यादी किती लहान करायची हे ज्याचे त्याचे मूल पाहून ठरवावे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणजे दार उघडे ठेवायची लाकडी पाचर. पहिल्या आठवड्यात खोलीचे दार उघडे असले की येणारे-जाणारे थांबून दोन शब्द बोलतात. हे मला एका शेजाऱ्यांनी सांगितले होते. मुलाला मी ती नुसती दिली, का ते सांगितले नाही. त्याने ती वापरली आणि पहिले दोन मित्र त्याला त्या दारातूनच मिळाले. अर्थात आगीपासून संरक्षणासाठी आपोआप मिटणारी दारे असतील तर तिथे पाचर लावू नये, हे अधीक्षक महोदयही सांगतील.

प्रतिसाद : परदेशी शिकलेला

देश बदलणार असेल तर दोन गोष्टींची भर घालतो. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात सोबतच्या लहान बॅगेतच ठेवाव्या लागतात, मोठ्या बॅगेत चालत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे ती मर्यादेत बसते. तरी कंपनीचे नियम निघण्याआधी वाचावेत.

दुसरे म्हणजे प्लगचा आकार बदलणाऱ्या ॲडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही. लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे तो कुठेही चालतो. केस वाळवण्याचे किंवा सरळ करण्याचे यंत्र बहुधा एकाच व्होल्टेजचे असते. २३० व्होल्टचे १२० वर लावले तर जेमतेम पाव शक्तीने चालते आणि १२० चे २३० वर लावले तर जळते. अशा वस्तू नेऊच नयेत.

मूळ लेखिका

मुलीला सोडून येऊन आज तीन आठवडे झाले. पुढे कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते आहे. १४० वस्तूंपैकी ६२ गेल्या. बॅगा तिने स्वतः भरल्या, मी शेजारी बसून विचारले तेवढेच सांगितले. दोन्ही बॅगा तिने आमच्या जिन्यावरून वर नेऊन पाहिल्या आणि त्यानंतर चार पुस्तके, एक जाड पांघरूण आणि बुटांचा एक जोड स्वतःहून बाहेर काढला. पांघरुणाबाबत मी आग्रह धरला होता. तो सोडायला मला रात्र लागली.

खोलीत शिरल्यावर तिने आधी छायाचित्रे घेतली. कपाटाची एक बिजागरी खरोखरच तुटलेली होती आणि तिने ती यादीवर लिहून घ्यायला लावली, मागे बरीच रांग असताना. गादीची लांबी २०० सेंमी निघाली आणि साध्या मोठ्या चादरीमुळे अडले नाही. लस निघण्याच्या तीन आठवडे आधी झाली होती. दुसऱ्या आठवड्यात तिचे डोके दुखले तेव्हा तिने फोन करून मला औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि किती वाजता घेतले ते सांगितले. मी फक्त ऐकून घेतले.

आजवर तिने तीनच वस्तू मागितल्या: दोन मीटर लांब चार्जिंगची वायर, एक नखे कापायचे नेलकटर आणि कात्री. पहिल्या दोन तिथेच मिळाल्या. तिसऱ्या ढिगाचे खोके तिच्या खोलीत तसेच ठेवले आहे आणि त्यावर तिने जाताना "दिवाण रिकामा ठेव, मी येणार आहे" अशी चिठ्ठी लावली होती. ती मला परत आल्यावर दिसली. अजून एक विचारायचे राहिले. पहिल्या सुट्टीला येताना तिने तिथले काय घेऊन यावे आणि काय तिथेच ठेवावे?

प्रतिसाद : तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

ताई, सुट्टीत खोली तिच्याच नावावर राहणार आहे का, हे आधी कार्यालयाला विचारायला सांगा. काही ठिकाणी मोठ्या सुट्टीत खोल्या रिकाम्या कराव्या लागतात. राहणार असेल तर येताना लॅपटॉप, औषधे, कागदपत्रांचे फोल्डर आणि उन्हाळी कपडे आणावेत, म्हणजे परत जाताना बॅगेत थंडीच्या कपड्यांना जागा होईल. उघडलेले खाण्याचे पदार्थ खोलीत काही ठेवू नयेत, कचऱ्याची टोपली रिकामी करावी, बोर्ड भिंतीतून काढावा. आणि ते जाड पांघरूण बाजूला काढून ठेवा, थंडीत माझ्या मजल्यावरच्या सगळ्या मुलींनी घरून तेच मागवले होते.